रकाना सातवा

कळमनुरी तहसिलीत मी तेव्हा नवा कारकून.
पेन्शनीचे फॉर्म निघालेले,
व्हरांडाभर टोप्या, धोतरं, दाखल्यांच्या सुरळ्या,
आणि सगळ्यांच्या मागं, भिंतीला टेकून
केवळाबाई कासार.

नाव सांगितलं. गाव सांगितलं,
पैनगंगेच्या अलीकडचं.
(आता त्यावर धरणाचं पाणी आहे.)
रकाना सातवा : तुरुंगवास, महिने व दिवस.
"न्हाई," म्हणाली.
"मग बाई, कशाच्या आधारावर?"
"कामून? सापडलेच न्हाई तर कोंडतील कसं?
सापडायचं न्हाई, हेच तर काम व्हतं माजं."

रांगेत कुणीतरी हसलं.
मी टाक खाली ठेवला. ती बोलत राहिली.

करोडगिरीचा नाका. डोक्यावर पेटारा.
सुतळीत ओवलेल्या बांगड्यांच्या माळा,
हिरव्या माळेच्या पोटात चिठ्ठी, विडीएवढी.
"नाकेदार पेटारा उघडायचा,
बायकोसाठी चार बांगड्या काढायचा फुकट,
दर खेपेला लाल.
तिला हिरव्याची हौस दिली न्हाई देवानं,
तेवढाच त्याचा हात आमच्या लढ्याला."

पलीकडं, उमरखेडच्या वाटेवर
जैतुनबी मणेरीण.
एकाच बाजारात दोघींची पालं, रोजचं भांडण.
"ती माजी गिऱ्हाइकं फोडायची, मी तिची.
चिठ्ठी मातर दोघींनी कधी फोडली न्हाई.
त्या वर्षी तिचा भाऊ खाकी घालून फिरायचा, भाला घिऊन.
म्हनाली, त्याचं त्याच्यापाशी, माजं माज्यापाशी.
मी पुन्हा इचारलं न्हाई."

आणि गावात?
"गडीमाणूस ओसरीपातुर. मी चुलीपातुर.
हात हातात घेतल्याबिगर बांगडी चढती का?
बोटं जुळवायची, अंगठ्याचं हाड आत मुडपायचं,
तवाच दाबायचं.
एकदा दाबलं, आज न्हाई.
दोनदा दाबलं, भाकरी ज्यादा थापा.
तीनदा दाबलं की बाईनं तोंडाकडं बघायचं न्हाई,
गोठ्यातल्या कडब्यात जागा करायची, माणूस निजंल एवढी.
अठरा गावच्या बायकांचे हात ओळखते मी.
नावं न्हाई आठवत."

मी घड्याळाकडं पाहिलं, हे खरं आहे.
साहेब जेवून यायची वेळ झाली होती.

"साक्षीदार लागतात. दोन. तुरुंग भोगलेले."
"जैतुनबीचं लिवा."
"त्या कुठं असतात?"
तिनं मनगटावरल्या बांगड्या मागं सारल्या.
"फौज आली, निजाम शरण गेला,
त्याच्या तिसऱ्या दिवशी तिचं घर जळालं.
कुणी लावलं इचारू नका.
रांगेतच हाय."

व्हरांड्यात टोप्या, धोतरं,
दाखल्यांच्या सुरळ्या.
मी मान वर केली नाही.

सातव्या रकान्यात लिहिलं : निरंक.
सरकारी शब्द आहे. स्वच्छ.
त्याखाली तिचा अंगठा घेतला,
शाई लावताना तिचा हात माझ्या हातात,
आणि तिनं दाबला की काय,
का म्हातारपणानं थरथरला,
हे मला आजतागायत ठरवता आलं नाही.

त्या सतरा सप्टेंबरला झेंड्याखाली
एक पुढारी गरजले :
आम्ही काही हातात बांगड्या भरल्या नव्हत्या!
टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.
चौथऱ्यामागं पाल मांडून केवळाबाई
एका पोरीचा हात मुडपत होती,
तिनं मानसुद्धा वळवली नाही.

पण ते नंतर.
त्या दिवशी उठताना तिची बांगडी
माझ्या टेबलाच्या कोपऱ्याला लागली.
"फुटली," मी म्हणालो.
"वाढली म्हनावं, बाबा."

खाली बसून तिनं तुकडे वेचले,
बारीक चूरसुद्धा, ओल्या बोटानं टिपून,
पदराच्या टोकाला बांधला.
रांगेतली बरीच माणसं अनवाणी होती.